घडी मोडायची साडी

मथुराबाईंच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा पाकिटांनी भरला आहे. पाकिटांत साड्या आहेत. प्रत्येक पाकीट कडेनं कापून, आत बघून, पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवलेलं. दिवाळीची साडी, गुढीपाडव्याची, वाढदिवसाची. आपला वाढदिवस कधी असतो हे मथुराबाईंना माहीत नव्हतं. आधार कार्डावर जी तारीख पडली ती पुण्याच्या सुनेनं धरली आणि दर वर्षी त्या तारखेला साडी यायला लागली. नेसायला मात्र त्या वरच्या कप्प्यातल्याच काढतात, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, काठ विटलेल्या. सुनेला वाटतं, सासूबाई नवं जपून ठेवतात, जुन्या माणसांची खोडच असते. मुलाला काही वाटत नाही. तो पैसे भरतो.

यंदा जपून ठेवून चालणार नव्हतं. माघात नातीचं, संस्कृतीचं, पुण्यात लग्न होतं. पूनमनं, म्हणजे सुनेनं, गर्द जांभळी, मोरपंखी काठाची साडी मागवली आणि फोनवर बजावलं, की आई, या वेळी जुनी नेसून आलात तर फोटोत घेणार नाही. मथुराबाई बरं म्हणाल्या. साडी संक्रांतीच्या आधी आली. पण ती नेसायची तर आधी कुणीतरी तिची घडी मोडायला हवी होती, आणि ती मोडावी अशी बाई एकच होती. ती समोरच्या दारात राहत होती, आणि पाच वर्षांत तिनं मथुराबाईंचा उंबरा ओलांडला नव्हता.

मथुराबाई केम गावच्या सूनबाई. नवरा कोंडीबा शेती भावांवर टाकून सोलापुरात सूतगिरणीला लागले, आणि गिरणी बसल्यावर चिंचोळी एमआयडीसीत. केमच्या घरात जावा-जावांमध्ये नवी साडी आली की ती आधी आपण नेसायची पद्धत नव्हती. साडी जिवाभावाच्या बाईला द्यायची. तिनं ती सणाला, निदान ओवाळण्यापुरती तरी, अंगावर घ्यायची आणि परत आणून द्यायची. मग ती आपली. कोण कुणाला घडी मोडायला देतं यावरून घरात कुणाचं कुणाशी जमतं ते न विचारता कळायचं. रुसवेफुगवेही त्यावरूनच व्हायचे.

कोंडीबा गेल्यावर पहिल्या दिवाळीला मथुराबाई केमला गेल्या, तेव्हा धाकट्या जावेनं आपली नवी साडी नणंदेच्या हातात दिली. आधीच्या सगळ्या वर्षी ती मथुराबाईंना द्यायची. मथुराबाई तिथंच लाडू वळत बसल्या होत्या. घडी सवाष्णीनं मोडायची असते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मथुराबाईंनीही आजवर तेच पाळलं होतं, त्यामुळे रुसायलाही जागा नव्हती.

त्या सोलापूरला परतल्या आणि चार दिवसांत समोरची शांतम्मा कोरी इरकल घेऊन दारात उभी राहिली. शांतम्मा अक्कलकोटकडची. माहेर-सासर दोन्ही कानडी, नवरा कल्लप्पा एसटीत कंडक्टर. जुळे सोलापूर भागातल्या त्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर दोनच घरं, समोरासमोर, आणि दिवसभर दोन्ही दारं उघडी. “अक्का, घडी मोड,” शांतम्मा म्हणाली. मथुराबाईंनी तिला सांगून बघितलं की तुला लेक आहे, उद्या सून येईल, मी आता अशी. शांतम्मा ऐकून घेणारी नव्हती.

“मी इचारलं का तुला, तू आता कशी हाईस म्हणून? नेस आणि चा प्यायला ये.”

मथुराबाई इरकल नेसून समोर चहाला गेल्या. त्यानंतर दोघींनी दुसऱ्या कुणाला घडी मोडायला दिली नाही.

दर वर्षी संक्रांतीच्या आधी दोघी चाटी गल्लीत जायच्या. दुकान ठरलेलं, गादी ठरलेली आणि साड्या दाखवणारा माणूसही ठरलेला. निंगप्पा त्याचं नाव. तो उभ्यानं साडी अशी झटकायचा की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीपाशी येऊन पडायचा. दोघींची एक रीत होती. जी साडी मनात भरली तिला आधी नावं ठेवायची. रंग मळका, काठ भडक, पदर तोकडा. नावं न ठेवता आणलेली वस्तू लाभत नाही, असं त्या म्हणत. भाव उतरायलाही त्याचा उपयोग व्हायचा. निंगप्पाला हे पाठ होतं. बाई गप्प बसून साडी बाजूला सारायला लागली की तो दुसरी काढायचा, आणि नावं ठेवायला लागली की चहा सांगायचा. शांतम्मा तर अशी काही नावं ठेवायची की शेजारच्या गादीवरच्या बायका आपली साडी सोडून तिची बघायला यायच्या. परत येताना रिक्षात दोघी एकमेकींच्या साड्या मांडीवर घ्यायच्या. घडी मोडणारीनंच घरी न्यायची, असा तो व्यवहार.

मग दोन हजार वीसचा मार्च आला आणि चाटी गल्ली बंद झाली.

पुण्यात मुलाच्या जिवाला घोर लागला. आई एकटी, वय झालेलं. त्यानं आणि पूनमनं फोनवरून सामान पाठवायला सुरुवात केली. संस्कृती तेव्हा बारावीत होती आणि घरात कोंडलेली होती. तिनं व्हिडिओ कॉलवर आजीला ॲप शिकवलं. वस्तूंची चित्रं बोटानं कशी सरकवायची, हवं ते टोपलीच्या चित्रात कसं टाकायचं, माणूस दारात आला की आकडे कसे वाचून दाखवायचे. खात्याला तिनं नाव दिलं ‘आज्जी’. मथुराबाई लवकर शिकल्या. बाहेर पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि घरात कोंडीबांच्या फोटोसमोर बसून त्या साबणाच्या वड्या, तुरीची डाळ, फुलवाती बघत होत्या.

ज्वारीच्या पिठाचं पहिलं पाकीट आलं तेव्हा त्यांनी सवयीनं त्याला नावं ठेवली. पीठ शिळं आहे, भाकरी थापताना फाटते. पूनमनं तिकडून कुठलंसं बटण दाबलं. पैसे परत आले आणि पीठही घरातच राहिलं. मथुराबाईंना हे विचित्र वाटलं. त्यांनी आपलं उगाच म्हटलं होतं. भाकरी बरी झाली होती.

ऑगस्टमध्ये कल्लप्पा आजारी पडला. ॲम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. शांतम्मा दारातच उभी राहिली, कारण खाली कुणी जाऊ देत नव्हतं. तो बरा होऊन परत आला, पण त्यानंतर कितीतरी दिवस इमारतीतली माणसं त्यांच्या दाराकडं न बघता जिना चढायची. दूधवाला पिशवी खालच्या पायरीवर ठेवून हाक मारायचा. शांतम्माचे मुलगा-सून तेव्हा नोकरीसाठी कर्नाटकात अडकले होते. मथुराबाईंचं दारही बंद असायचं. पुण्याहून रोज विचारणा व्हायची, की दार बंद आहे ना? त्या हो म्हणायच्या, आणि ते खरं असायचं.

दिवाळीला पूनमनं डाळिंबी रंगाची साडी पाठवली. मथुराबाईंना ती बघता क्षणी आवडली. पूनमनं व्हिडिओ कॉल करून कशी आहे म्हणून विचारलं, तर त्यांच्या तोंडून निघून गेलं, की रंग जरा मळका वाटतोय आणि पदरही तोकडा आहे. पूनम बरं म्हणाली. फोन ठेवला आणि मथुराबाईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी पुण्याला सांगितली नाही. तोंडाला पदर लावला, साडी हातात घेतली आणि समोरचं दार वाजवलं.

शांतम्मानं दार अर्धं उघडलं. मथुराबाईंनी हात पुढं केला. “घडी मोड,” त्या म्हणाल्या.

शांतम्मा साडीकडं बघत राहिली, मग त्यांच्याकडं. कल्लप्पा परत आल्यापासून इमारतीतल्या कुणी तिच्या हातात हातानं काही दिलं नव्हतं. तिनं साडी घेतली. डोळ्यांना पदर लावला, हे मथुराबाईंनी दार बंद होता होता बघितलं.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी निंगप्पा आला. चाटी गल्लीतल्या दुकानानं माणसं कमी केली होती आणि तो आता दुचाकीवर मोठी पिशवी अडकवून पार्सलं वाटत होता. मास्कच्या वर नुसते डोळे, तरी मथुराबाईंनी ओळखलं. साडी परत न्यायला आलोय, तो म्हणाला. तेवढ्यात पूनमचा फोन आला. आई, ती मळक्या रंगाची रिटर्नला टाकलीय, तुमच्यासाठी दुसरी मागवलीय, माणूस आला असेल, देऊन टाका.

मथुराबाईंना तेव्हा नाही म्हणता आलं असतं. साडी धुतली म्हणून सांगता आलं असतं, सांडली म्हणून सांगता आलं असतं. पण गेले सात-आठ महिने फोन म्हणेल तसं त्यांचं घर चाललं होतं. माणूस दारात उभा होता, सून कानात होती, आणि परत दिली नाही तर मुलाच्या नावावर काहीतरी चढेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी समोरचं दार वाजवलं.

शांतम्मा साडी नेसून बाहेर आली. हातात ओवाळणीचं ताट होतं. आत खुर्चीवर कल्लप्पा टोपी घालून बसला होता, वाळलेला, पाट पुढ्यात.

“साडी परत द्यायची हाय,” मथुराबाई म्हणाल्या.

शांतम्माची नजर त्यांच्या मागं उभ्या निंगप्पाकडं गेली, त्याच्या हातातल्या पिशवीकडं गेली. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर जुनं लुगडं होतं आणि हातांवर डाळिंबी साडी, दुकानात घालतात तशी घडी घातलेली. दुकानाचा टॅग तिनं कापला नव्हता. तो वर दिसेल असा ठेवला होता.

“घ्या,” ती म्हणाली. इतकी वर्षं ती मथुराबाईंना ‘घे’ म्हणायची.

निंगप्पानं टॅग बघितला, फोनवर फोटो काढला, साडी पिशवीत घातली. पूर्वी त्यानं या दोघींसमोर शेकडो साड्या उलगडल्या होत्या. ही त्यानं उलगडली नाही. मान वर न करता जिना उतरला.

मथुराबाई दोन दिवसांनी समजावायला गेल्या. सुनेनं परस्पर केलं, रंगाचं काहीतरी झालं, असं त्या सांगत होत्या. शांतम्मा दारात उभी राहून ऐकत होती. “व्हय, फोनवर रंग कळत न्हाय,” ती म्हणाली. “तुमी तरी काय करणार.” आत या, असं ती म्हणाली नाही.

त्यानंतर भांडण कधी झालंच नाही. जिन्यात भेटल्या की दोघी बोलायच्या, पाण्याबद्दल, उन्हाबद्दल. कल्लप्पा गुडघे कसे आहेत म्हणून विचारायचा. पण सगळं उघडलं, चाटी गल्लीही उघडली, गड्ड्याची जत्रा पुन्हा भरायला लागली, तरी शांतम्मा संक्रांतीच्या आधी दारात येऊन ‘चल अक्का’ म्हणाली नाही, आणि मथुराबाईंनाही म्हणता आलं नाही. दुसरी साडी आली होती ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. तिच्यावर तिसरी.

बाकीच्यांचं आयुष्य सुरळीत झालं, थोडं इकडचं तिकडं होऊन. पूनमनं बाजारात जाणं जवळजवळ सोडलं. ती एका वेळी तीन ड्रेस मागवते, एक ठेवते, दोन परत करते, आणि यात कुणाला काही वाईट वाटण्यासारखं असेल असं तिच्या मनातही येत नाही. संस्कृतीचं उलट झालं. कॉलेजची दोन वर्षं तिनं खोलीत फोनसमोर काढली होती. सुटली तशी ती दुकानांत हिंडायला लागली. लग्नाचा शालू तिनं मैत्रिणींना घेऊन लक्ष्मी रोड पालथा घालून घेतला. आजीला फोनवर म्हणाली, “हात लावल्याशिवाय कळत नाही गं आज्जी.” मथुराबाई हं म्हणाल्या.

आणि मथुराबाई, ज्यांनी जन्मभर भाजीवाल्याशी घासाघीस केली, त्या सगळं फोनवरून मागवायला लागल्या. मात्र एका वेळी एकच वस्तू. आज हिंग, परवा काडेपेटी, नंतर खोबऱ्याचं तेल. पूनम सांगून थकली, की एकदम मागवा, दर वेळी वेगळे पैसे पडतात. मथुराबाई बरं म्हणायच्या आणि हिंगच मागवायच्या. एकदम मागवलं असतं तर निंगप्पा एकदाच आला असता.

आणखी एक बदल झाला, तो पूनमच्याही लक्षात आला होता आणि ती तो कौतुकानं सांगायची. आई आता कशाला नावं ठेवत नाहीत. काहीही पाठवा, चांगलंय म्हणतात.

शांतम्माकडंही तसला फोन आला. मुलगा-सून सोलापुरात परत आले होते, सून बँकेत जायची, तिनं सासूला शिकवलं. आता समोरच्या दाराचीही पार्सलं यायची. शांतम्मा दुपारी देवळात असायची, कल्लप्पाला बेल ऐकू यायची नाही, मग निंगप्पा पार्सल मथुराबाईंकडं ठेवायचा. मथुराबाई ते खुर्चीवर ठेवायच्या, जमिनीवर नाही. हलवून बघायच्या. खडखडलं तर डबा, मऊ लागलं तर कापड. मऊ लागलं की त्या जरा वेळ हातात धरायच्या. संध्याकाळी शांतम्माची सून यायची, थँक्यू काकू म्हणायची आणि घेऊन जायची. त्या साड्यांची घडी कोण मोडत असेल, हे मथुराबाईंनी विचारलं नाही. बहुधा कुणीच मोडत नसेल. शांतम्मा सरळ नेसत असेल.

जांभळी साडी आली त्याच आठवड्यात निंगप्पानं शांतम्माचं एक पार्सल आणून ठेवलं. त्या संध्याकाळी सून आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती माहेरी गेली होती. मथुराबाईंना हे कळलं तसं त्यांनी पार्सल समोर नेऊन दिलं नाही. जांभळी साडी काढली, सुईत दोरा ओवायला खालच्या मुलीला सांगितलं आणि फॉल लावायला बसल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी शिंपिणीकडं दिली नाही. दार उघडं टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी शांतम्मा आली. उंबऱ्याच्या बाहेर थांबून म्हणाली, “माजं काय आलंय म्हनं.”

“खुर्चीवर हाय. घे की.”

घ्यायला आत यावं लागत होतं. शांतम्मा आत आली. पार्सल उचललं, पण मथुराबाईंच्या मांडीवरची साडी बघून थबकली.

“संस्कृतीचं लग्न हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “माघात. त्याला नेसायची.” मग साडी तिच्यापुढं धरली. “घडी मोडायला देत्ये.”

शांतम्मानं हात पुढं केला नाही. “परत द्यायची मुदत संपली का हिची?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं.

मथुराबाईंनी साडीची खालची कड उलटी करून दाखवली. “फॉल लावलाय. आता कोण घेतंय परत.”

बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल चढवत होतं, त्याचा आवाज येऊन गेला.

“तवा सुनेनं केलं ते, शांतम्मा. मी न्हाय.”

“म्हाइत हाय मला. पोरीनं बटन दाबलं, मला काय कळत न्हाय का? मी बी दाबत्ये की आता बटनं.” तिनं पार्सल काखेत सरकवलं. “पन न्यायला तर तूच आलतीस. ह्येंना ओवाळायला निगालते मी.”

पाच वर्षांत त्यांनी मनाशी पुष्कळ उत्तरं केली होती, पण ती सगळी सुनेबद्दल, रंगाबद्दल, पुण्याबद्दल होती. त्यांनी हात तसाच पुढं धरून ठेवला.

शांतम्मा खाली वाकली आणि फॉलच्या कडेवरून अंगठा फिरवला. “टाके मोटे घातलेस,” ती म्हणाली. “आनि रंग कसला ह्यो, वांग्यासारका.”

चाटी गल्लीत शांतम्मानं अशी नावं ठेवायला सुरुवात केली की निंगप्पा चहा सांगायचा. पण ते जुनं झालं होतं, आणि आता त्यावर भरवसा ठेवावा की नाही हे त्यांना कळेना. शांतम्मानं साडी उचलली, पार्सलवर ठेवली आणि निघाली. चहा घे म्हणायचं मथुराबाईंना सुचलं तोवर समोरचं दार लागलं होतं.

पुढचे दिवस त्यांनी दाराकडं कान लावून काढले. साडी गेली ती गेलीच. शांतम्माला ती नेसायची आहे, की नुसती चार दिवस ठेवून घडी न मोडता परत द्यायची आहे, फिट्टंफाट करायला? तसं केलं तर ते न्यायाचंच होईल, असंही मथुराबाईंना वाटून गेलं. पूनमनं फोनवर साडीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, फॉल लावायला दिलीय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, गड्ड्याच्या जत्रेतल्या देवाच्या लग्नाचे नंदीध्वज निघाले. मथुराबाई पूर्वी शांतम्माबरोबर जायच्या; मधली वर्षं त्या टीव्हीवर बघायच्या. यंदा रिक्षानं एकट्या गेल्या आणि अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्याच्या अलीकडं, गर्दी जिथं जरा विरळ होती तिथं, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं उंच काठ्या पेलत गेली. हर्र बोला हर्रचा आवाज चढला, अक्षता उडाल्या. त्या उतरत्या गर्दीत त्यांना वांग्याचा रंग दिसला. मोरपंखी काठ. शांतम्मा कल्लप्पाचा हात धरून चालली होती. डोक्यावरून पदर, पदरावर अक्षतांचे दाणे. तिच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी तिनं ती साडी नेसली होती.

मथुराबाईंनी हाक मारली नाही. मारली असती तरी ऐकू गेली नसती. त्या पायरीवरून उतरेपर्यंत मधे माणसं आली, आणि मग तिकडं नुसते पांढरे फेटे दिसत राहिले. त्या रिक्षा बघायला वळल्या.

दोन दिवसांनी त्यांनी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आत जांभळी साडी. घडी घरात घालतात तशी, जरा वाकडी. पदराच्या टोकाला हळदीचा बारीक डाग होता आणि एका निरीत तांदळाचा दाणा अडकला होता. फॉलचा एक टाका उसवला असावा, तिथं दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं बारीक टाके घातले होते. समोरचं दार बंद होतं. शांतम्माला दार वाजवून ती देता आली असती. मथुराबाई पिशवी आत घेऊन आल्या.

दुपारी पूनमचा फोन आला. साडी नेसून बघितली का?

“काठ जरा भडक हाय,” मथुराबाई म्हणाल्या.

पूनम चमकली. इतक्या वर्षांनी सासूबाईंनी कशाला तरी नावं ठेवली होती. अजून वेळ आहे आई, ती म्हणाली, बदलून मागवू का?

“न्हाय न्हाय. घडी मोडलीय तिची.”

कुणी मोडली, हे पूनमनं विचारलं नाही. तिला वाटलं, नेसून बघितली असेल.

पिशवी परत द्यायची होती. भरून आलेली पिशवी रिकामी देत नाहीत. मथुराबाईंनी तिळाचे लाडू केले, कल्लप्पाला चावतील असे मऊ. पुण्याला निघायच्या सकाळी ते पिशवीत घातले, समोरचं दार वाजवलं. आत टीव्ही मोठ्यानं लागला होता. पुन्हा वाजवलं. मग पिशवी कडीला अडकवली आणि बॅग घेऊन जिना उतरल्या.

पुण्याला कार्यालय मोठं होतं. मथुराबाई जांभळी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या. येणारे-जाणारे पाया पडत होते, मुलगा मधूनच येऊन आई, जेवलीस का विचारून जात होता, फोटोवाल्यानं त्यांना दोनदा हनुवटी वर करायला लावली. छान दिसता आज्जी, असं बरेच जण म्हणाले. पूनमच्या माहेरच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या, साडीचा पोत बघितला, कुठून घेतली विचारलं आणि लगेच फोनमध्ये शोधायला लागल्या. पदरावरचा हळदीचा डाग त्यांना दिसला, त्यांनी तो खुणेनं दाखवला. मथुराबाईंनी मान हलवली आणि डाग तसाच वर राहू दिला.

मुलीच्या मामाला हाक पडली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निंगप्पा होता.

“मावशी, पार्सल हाय तुमचं. कुलूप दिसतंय.”

काय मागवलं होतं ते त्यांना आठवेना. बहुतेक हिंग. “पुन्याला हाय मी. समोर दे.”

“समोर?” निंगप्पानं विचारलं. त्या पाडव्याला तो तिथंच होता. “घेतील का त्या?”

“इचार की.”

त्यांनी एक कान हातानं झाकला आणि फोन दुसऱ्या कानावर दाबला. इकडं मंगलाष्टकांचा माईक खरखरत होता. तिकडं दार वाजलं. परत वाजलं. कडीचा आवाज झाला, आणि लांबून, टीव्हीच्या वरून, शांतम्मा काहीतरी म्हणाली. निंगप्पानं अक्कांचं पार्सल हाय असं सांगितलेलं ऐकू आलं. मग तिचा आवाज, या वेळी जवळून.

“ठेव खुर्चीवर.”

“ओटीपी सांगा, मावशी,” निंगप्पा म्हणाला.

मथुराबाईंनी फोन कानावरून काढला आणि पिशवीत चष्मा शोधायला लागल्या.